दहा टनांचा ताबा

उचगाव ओलांडून गडमुडशिंगीच्या वाटेला लागलं, की डाव्या अंगाला चिंचेची तीन झाडं लागायची. त्रेपन्न साली त्या झाडांखाली कंत्राटदार आण्णांचा सगळा पसारा मांडलेला होता. खडीचे ढीग, डांबराची पिंपं, पाण्याची टाकी बसवलेली बैलगाडी, पत्र्याची दोन खोपटं, आणि मधोमध तो रोलर. गुळाच्या गाड्या दरसाल चिखलात आसापर्यंत रुतायच्या, म्हणून चार मैलांचा पक्का रस्ता व्हायचा होता.

रोलर वाफेचा. पुढं एक रुंद चाक, मागं दोन, मध्ये बॉयलर, वर धुराडं. बाजूच्या बिडाच्या पट्टीवर अक्षरं ओतलेली होती: दहा टन.

त्या पावसाळ्यात काम बंद होतं आणि राखणीला कोणी नव्हतं. एवढं अवजड यंत्र कोण नेणार, असं सगळ्यांना वाटलं. पण चोर यंत्र नेतच नाहीत. ते यंत्रातलं थोडं थोडं नेतात. आधी पितळी शिटी गेली. मग वाफेचा काटा. मग तोट्या, एकेक करून. श्रावण सरता सरता रोलर जागेवरच होता, पण तो आता नुसता लोखंडाचा ढीग होता.

आण्णांनी नवे भाग बसवून घेतले आणि भादव्यात आकारामला राखणीला ठेवलं.

आकाराम कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. वय चाळीस. संस्थानच्या पलटणीत अठरा वर्षं काढलेला. संस्थान विलीन झालं, पलटण मोडली, आणि आकाराम घरी आला तो ताठ पाठ आणि पहाऱ्याची सवय घेऊन. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. देवावरही बेताचाच. जे मोजता येतं ते सांभाळता येतं, एवढंच त्याला माहीत होतं.

त्यानं पहिल्याच दिवशी रोलरच्या भागांची यादी केली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाचला हजेरी घ्यायला सुरुवात केली. हातात लहान हातोडी. एकेका भागावर टक् करून वाजवायचं, कान देऊन ऐकायचं, आणि मोठ्यानं म्हणायचं.

शिटी. हजर.
काटा. हजर.
पाण्याची काच. हजर.
डावी तोटी, उजवी तोटी. हजर.
पुढचं चाक. हजर.

असे सतरा भाग. मग रोलरचा ड्रायव्हर लालासाब याला तो बोलवायचा. लालासाबनं बॉयलरवर पालथा हात ठेवून म्हणायचं, "ताबा दिला." आकारामनं शेजारी हात ठेवून म्हणायचं, "ताबा घेतला." सकाळी उलट.

लालासाब गडी बोलका. पहिले आठ दिवस त्यानं आकारामची पार टर उडवली.

"आकाराम, ती शिटी तुला 'जी सरकार' म्हणंस्तवर तू हालणार न्हाईस व्हय?"

"नाव घेतलं की वस्तू ध्यानात ऱ्हाती."

"आन् हे हात लावायचं खूळ कसलं?"

"पहारा बदलताना असंच असतंय. देणाऱ्यानं द्यायचा, घेणाऱ्यानं घ्यायचा. मधल्या येळंला वस्तू कुणाचीच न्हाई, असं व्हायचं न्हाई."

"अरं, दहा टनाचं धूड हाय ते! कोण काखोटीला मारून न्हेतंय?"

पण चोऱ्या थांबल्या. एक खिळा गेला नाही. महिन्यानं लालासाब स्वतःच पाच वाजता हात पुसून उभा राहायला लागला.

दुसऱ्या खोपटात बनाबाई होती. आकारामची बायको. तिला तीन वेळा दिवस गेले होते आणि तिन्ही वेळा पाचव्या-सहाव्यात पदर रिकामा झाला होता. आता चौथी खेप. पेठेतल्या खोलीत ती एकटी राहिली असती, आणि एकटं ठेवलेलं काहीही आकारामला सुरक्षित वाटत नसे. त्यानं तिला इथं आणलं. रोलर आणि बायको, दोन्ही एका नजरेच्या टप्प्यात.

सहावा महिना पार पडला. बनाबाई हसायला लागली. संध्याकाळी दारात बसून हजेरी ऐकायची आणि म्हणायची, "अवं, मला बी वाजवून बघा की एकदा हातोडीनं. हाय का न्हाय समदं जागच्या जागी."

"गप बस," आकाराम म्हणायचा. पण रात्री पोटावर हात ठेवल्याशिवाय त्याला झोप येत नसे.

*

खंडेनवमीला रोलरची पूजा झाली. झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, नारळ. आण्णा स्वतः आले. रिवाजाप्रमाणे पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि लालासाबनं वाफ सोडली. चाक लिंबावरून गेलं.

लिंबू तसंच होतं.

"खड्ड्यात सापडलं असंल," आण्णा म्हणाले. "पुन्यांदा घाल."

आकारामनं या वेळी सपाट दगड बघून त्याच्यावर लिंबू ठेवलं. चाक आलं, लिंबावर चढलं, उतरलं. लिंबावरचं कुंकू थोडं फिसकटलं, एवढंच. तिसऱ्यांदाही तेच.

"लई हट्टी लिंबू हाय गा!" आण्णा हसले, म्हणून मजूरही हसले. पेढे वाटले गेले.

लालासाब हसला नाही. सगळे पांगल्यावर त्यानं ते लिंबू उचललं आणि दोन बोटांत दाबलं. रस मनगटावरून ओघळला.

"बघितलंस?" तो म्हणाला.

आकारामनं बघितलं होतं. त्या संध्याकाळी त्यानं हजेरी दोनदा घेतली. सतरा भाग. सतराही हजर. आवाजात फरक नाही.

*

दिवाळीच्या तोंडावर ओव्हरसियर नृसिंह बावडेकर सायकलवरून तपासणीला आले. टोपी, खाकी पँट, हातात लोखंडी टोकाची काठी. त्यांनी झालेल्या रस्त्यात काठी खुपसली. काठी खडीत वीतभर आत गेली.

"ही खडी दाबलीय, की नुसती पसरलीय?"

"साहेब, बारा फेऱ्या मारल्यात," लालासाब म्हणाला.

"बारा? मग हे काय?"

 लालासाब खोपटाकडं गेला, मागं पडलेलं एक जुनं कौल घेऊन आला, ते रस्त्यावर ठेवलं आणि रोलरवर चढला. रोलर कौलावरून गेला आणि मागं आला. मागची चाकंही गेली.

बावडेकरांनी कौल उचललं, उलटंपालटं केलं, नखानं वाजवलं. मग टोपी काढली आणि पुष्कळ वेळ ती हातातच धरून ठेवली.

"यातलं काहीतरी काढलंय कुणीतरी," ते शेवटी म्हणाले.

"न्हाई साहेब," आकाराम म्हणाला. "समदं हजर हाय. यादी बघा."

बावडेकरांनी यादी बघितली. स्वतः खाली वाकून बघितलं. भट्टीत डोकं घातलं. चाकं वाजवली, ती भरीव होती. हात काळे करून ते उठले आणि आकारामकडं असे बघत राहिले, की त्याच्याकडं पलटणीतही कोणी तसं बघितलं नव्हतं.

"राखण कुणाची?"

"माझी."

"मग वजन कुठं गेलं?"

*

यानंतरची एक सकाळ आकारामनं कोणालाही सांगितली नाही.

उजाडलेलं होतं. भट्टी थंड. चाकाची साखळी सोडून तो कुलूप साफ करत होता. तोल सावरायला म्हणून त्यानं चाकावर हात टेकला.

रोलर सरकला.

आकाराम थांबला. आजूबाजूला बघितलं. मग दोन्ही तळवे लावून ढकललं. दहा टनांचा रोलर कुरकुर न करता चार पावलं पुढं गेला. त्यानं पलीकडं जाऊन तो परत ढकलला आणि आपल्या जागेवर आणून ठेवला. हातांना जोर असा लागलाच नव्हता.

मग त्यानं साखळी घातली. दुहेरी.

*

आण्णांनी वर्दी दिली. आता त्यांना तरी दुसरं काय करता येणार होतं? रस्ता नापास झालेला, यंत्र शाबूत, आणि कुणाला तरी जाब द्यायचा होता. आकारामला कोल्हापूरला जबाबासाठी बोलावणं आलं. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं.

प्रश्न एकच होता. ताबा कुणाला द्यायचा?

मजूर दिवाळीला गावी गेलेले. उरला लालासाब. पण कौलाच्या त्या दिवसापासून तो रोलरवर चढला नव्हता. चिंचेखाली पाय पोटाशी घेऊन बसलेला असायचा.

"लालासाबभाई, आजचा दीस तेवढा ताबा घे."

"न्हाई."

"संध्याकाळपतूर."

"माझा हात न्हाई लागायचा आता त्याला."  मग लालासाब हळूच म्हणाला, "तुला सांगतो, हसू नगंस. गेला महिनाभर खाली उतरलो की पाय जमिनीला लागल्यागत वाटंना झालंत. बायको म्हणती, रातचं कूस बदलल्यालं कळत न्हाई तुमचं. आता आठ दीस झालं हात न्हाई लावला, तवा कुठं जरा बरं हाय."

आकारामनं ते ऐकलं. ऐकून सोडून दिलं. माणूस घाबरला की काहीबाही वाटतं, हे त्यानं पहाऱ्यावर पुष्कळ बघितलं होतं. त्याच्या डोक्यात एकच नियम पक्का बसला होता: ताबा दिल्याशिवाय जागा सोडायची नाही. यंत्र असंच उघडं टाकून जाणं त्याला जमणारंच नव्हतं.

बनाबाई भाकरी थापत होती.

"बना, हिकडं ये."

ती हात न धुताच आली. आठवा लागला होता. चालताना कमरेवर हात.

"बॉयलरवर हात ठेव, आन् म्हण, ताबा घेतला."

"अगं बया! मी आता पलटणीत भरती झाले म्हणायचं."

"चेष्टा नगं. म्हण."

तिनं पिठाचा हात गार लोखंडावर ठेवला. शेजारी आकारामचा हात.

"ताबा दिला," आकाराम म्हणाला.

"घेतला बाई, घेतला."

"नीट."

"ताबा घेतला."

आकाराम समाधानानं कोल्हापूरच्या वाटेला लागला.

*

जबाब.

तुमचं काम काय? — राखणीचं.
कशाची राखण? — रोलरची.
काय चोरीला गेलं?

इथं जबाबात जागा कोरी आहे.

कुठला भाग गेला? — कुठलाच न्हाई.
मग काय गेलं? — त्याचं जे काम हाय, ते त्याच्यानं होईना झालंय.
नादुरुस्त आहे का? — न्हाई.
तुमचा संशय कुणावर? — कुणावरच न्हाई.
तुम्ही जागेवर होतात का? — रोज. एक दीस सुद्धा चुकवला न्हाई.
तुमच्या ताब्यात असताना गेलं का?

फौजदारांनी हा प्रश्न दोनदा विचारला. आकाराम ताठ उभा होता. टेबलावरच्या दौतीकडं बघत तो म्हणाला, "व्हय साहेब. माझ्या ताब्यात असतानाच."

खाली सही.

*

परतताना उचगावच्या पुढं त्याला आवाज ऐकू आला. आधी शिटी, मग खडी फुटल्याचा आवाज. कचाकच, एका लयीत. तो पळतच सुटला.

उन्हं उतरली होती. लालासाब रोलरवर उभा होता, तोंड काळं, दात पांढरे.

"आलं गा आकाराम! गेलं तसं आलं!"

"कधी?"

"दुपारी बघतोय तर काय, चाक बोटभर रुतल्यालं. उभ्या जागी! मला काय दम निघतोय व्हय? पेटीवली भट्टी. हे बघ."

त्यानं रोलर पुढं घेतला. खडी चाकाखाली भुगा होऊन बसत होती. मागं उरणाऱ्या पट्ट्यावर आकारामनं टाच आपटली. दगडासारखा रस्ता. त्याला गलबलून आलं. माणसानं चारचौघांत रडू नये म्हणून तो धुराड्याकडं बघत राहिला.

पाच वाजता सगळं रीतसर झालं. बनाबाई आली, हात ठेवला, म्हणाली, "ताबा दिला." आकाराम म्हणाला, "ताबा घेतला."

जेवताना ती म्हणाली, "आज लई बरं वाटतंय मला. कंबर अजाबात दुखंना झालीया."

"दुखू नगंच."

"हलकं हलकं वाटतंय."

आकारामनं आणखी एक भाकरी घेतली. किती दिवसांनी त्याला भूक लागली होती.

*

रस्ता पुढं सरकत राहिला. बावडेकरांची काठी आता दोन बोटंही आत जात नव्हती. आण्णांनी आकारामच्या पाठीवर थाप मारली. गुऱ्हाळं पेटली, हवेत काकवीचा वास भरून राहिला, आणि गुळाच्या पहिल्या गाड्या नव्या रस्त्यावरून खडखडत गेल्या.

बनाबाई आता दोन घागरी घेऊन विहिरीवरून यायची. एक डोक्यावर, एक कडेवर. नवव्या महिन्यात. धापसुद्धा लागत नसे. आकारामनं दोनदा घागर काढून घेतली. तिसऱ्यांदा घेतली नाही, बघत राहिला. ती येत होती ती वाट ओली होती. पाणी हिंदकळून सांडलेलं. त्या चिखलात बैलाचे खूर होते, त्याच्या स्वतःच्या वहाणा होत्या.

तिची पावलं नव्हती.

त्या दुपारी तिनं खोपटासमोरची जागा सारवली. सारवण ओलं असताना आकाराम मुद्दाम त्यावरून चालला. पावलं उमटली. मग त्यानं हाक मारली, "बना, जरा हिकडं ये."

"अवं, सारवलंय की आत्ताच!"

"असू दे. ये."

ती आली. तिच्यामागं सारवण सपाट होतं.

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग खाली बघितलं.  मग पदर खोचून आत गेली आणि भांडी आवरायला लागली. भांडी आपटण्याचा आवाज पुष्कळ वेळ येत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं गडमुडशिंगीहून ताजबीला आणलं. ताजबी सुईण, म्हातारी. तिच्या हाताखाली अर्धं गाव जन्मलेलं. तिनं पोट चाचपलं, कान लावला, पुन्हा चाचपलं. बाहेर येऊन ओट्यावर बसली.

"पोर हाय न्हवं, मावशी?"

"हाय की. हालतंय. ठोका हाय. डोस्कं खाली हाय. समदं जागच्या जागी हाय."

"मग?"

ताजबीनं पान काढलं, चुना लावला, आणि पान तसंच हातात धरून बसली.

"भरल्याली घागर कशी, नुसता हात लावला की कळती, भरलीया म्हणून. न्हवं का? तसं कळंना झालंय बाबा."

*

त्या संध्याकाळी आकारामनं बनाबाईला रोलरपाशी नेलं. तिचा हात लोखंडावर ठेवला.

"म्हण, ताबा दिला."

"दिला न्हवं त्या दिशी?"

"पुन्हा म्हण."

तिनं म्हटलं. त्यानं घेतला. मग परत तिला घ्यायला लावला, परत द्यायला. दहा वेळा. वीस वेळा. लालासाब लांबून बघत होता. बनाबाईचा आवाज बसत गेला.

मग आकाराम गुडघ्यांवर बसला, तिच्या पोटावर पालथा हात ठेवला आणि म्हणाला, "ताबा घेतला."

"हे काय यंत्र हाय व्हय?" ती ओरडली. आणि रडायला लागली.

आकाराम तसाच बसून होता. त्याच्या तळहाताखाली मूल हललं. पाकिटात नोट हलावी तसं.

*

दुसऱ्या दिवशी लालासाब दोन-तीन दिवसांसाठी घरी गेला, आणि भर दुपारी अठरा वर्षं पहारा केलेल्या आकारामनं रोलरची साखळी काढली आणि विहिरीत टाकली.

मग पाना घेऊन शिटी उतरवली. काटा उतरवला. तोट्या, डावी आणि उजवी. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून त्यावर सगळं पितळ मांडलं. उन्हात ते झळाळत होतं, अर्ध्या मैलावरून दिसलं असतं. आणि तो चिंचेच्या आड जाऊन बसला.

या. न्या. काय पाहिजे ते न्या. हे सगळं न्या.

त्याला एवढंच वाटत होतं, की यंत्रातलं काही गेलं, तर कदाचित दुसरं काही परत येईल.

गाड्या आल्या. माणसं आली. बघितलं आणि पुढं गेली. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ज्ञानू नावाचा गाडीवान थांबला. उतरला.  ज्ञानूनं शिटी उचलली, धोतराला पुसली, आणि सरळ चिंचेकडं आला.

"पावणं, तुमचं कायतरी पडलंय बघा रस्त्यात."

त्यानं शिटी आकारामच्या हातात ठेवली.

"घेऊन जा," आकाराम म्हणाला.

"आं?"

"तुला घे. कुणाला सांगत न्हाई. पाया पडतो तुझ्या."

ज्ञानू दोन पावलं मागं सरला, गाडीवर चढला, आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

आण्णा संध्याकाळी आले. गोणपाट बघितलं, आकारामकडं बघितलं. "खुळा झालास काय आकारामा? तू? तू असं करावंस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते ऐकणं जास्त अवघड होतं. लालासाबनं आल्यावर भाग परत बसवले. रोलर चालू झाला. जड, भरभक्कम. जमीन हादरवत गेला.

लालासाब जाताना एवढंच म्हणाला, "मी तुला सांगितलं हुतं की, आकाराम."

सांगितलं होतं. खरं होतं.

*

पौषात, दिवसाढवळ्या, बनाबाई बाळंत झाली.

कळा फारशा आल्याच नाहीत.

ताजबी दारात आली. "मुलगी हाय."

"रडली?"

"रडली की. ऐकलं न्हाईस?"

आकारामनं ऐकलं होतं. आवाज चांगला होता.

त्यानं आत जाऊन मोजलं. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. हाताची बोटं दहा. पायाची दहा. कान. डोळे, उघडे, काळेभोर. टाळूवर जावळ.

हजर. हजर. हजर.

मग त्याचं लक्ष ताजबीच्या हातांकडं गेलं. तिनं एक हात बाळाच्या खाली धरला होता.

आणि एक वर.

*

बाराव्या दिवशी बारसं. आण्णांनी खोपटं सोडायला सांगितली नव्हती. माणूस भला. गडमुडशिंगीच्या चार बायका आल्या. आढ्याला दोर बांधून पाळणा टांगला. रीतीप्रमाणे आधी वरवंट्याला टोपडं घातलं, तो पाळण्यात निजवला आणि झोका दिला. दोर ताणले, आढं करकरलं, बायका हसल्या.

मग वरवंटा काढून मुलीला ठेवलं.

दोर सैल पडले.

 बायकांतली एक म्हणाली, "अगं, ठेवलीस न्हवं?"

"ठेवली की," बनाबाई म्हणाली.

नाव विमला ठेवलं. घुगऱ्या वाटल्या. बायका लवकर गेल्या.

आकाराम बाहेर ओट्यावर बसला होता. समोर काळाभोर रस्ता, पक्का, शेवटपर्यंत झालेला. उतरत्या उन्हात खोऱ्यातून वारा सुटला. चिंचेची पानं वाजायला लागली.

आतून बनाबाईची धावपळ ऐकू आली. दार ओढून घेतल्याचा आवाज. मग काहीतरी जड उचलून ठेवल्याचा.

तो उठून आत गेला. वरवंटा परत पाळण्यात होता. मुलीच्या कुंचीच्या टोकावर, नीट मध्यावर. मुलगी टक्क जागी होती आणि आढ्याकडं बघून हसत होती.

"वाटण उद्या कशानं वाटणार?" आकारामनं विचारलं.

बनाबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. ती कुंचीचं दुसरं टोकही त्या दगडाखाली सारत होती.